चांद्याच्या परकोटावरून, ठेंगण्या खिडकीपर्यंत

मी रागावून प्रवासाला निघणारा माणूस आहे. लोक हवापालटाला जातात, देवाला जातात, लग्नाकार्याला जातात. माझे बहुतेक प्रवास कोणी तरी काही तरी बोललं म्हणून झालेले आहेत, आणि चांद्याच्या परकोटावरची ही चालही त्यातलीच.

बोलणारे होते माझे साडू गोपाळराव, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पौषात ते पुण्याहून चार दिवसांसाठी आमच्याकडे सिंदेवाहीला आले होते. माणूस वाईट नाही. पण सकाळी एखादी टेकडी चढून उतरल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही, आणि आपण टेकडी चढलो हे चार जणांना सांगितल्याशिवाय तो पचत नाही. आमच्या सपाट धानाच्या बांध्यांमध्ये त्यांची फार उपासमार झाली. गुरुवारी जेवताना ते म्हणाले, "तुमच्याकडे सगळं आहे हो, पण शहरात राहून पायी भटकायला जावं अशी एक जागा नाही. आमच्याकडे घराबाहेर पडलं की पंधरा मिनिटांत माणूस डोंगरावर. तुमच्याकडे एक तर शहर, नाही तर थेट वाघ."

बायकोनं माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि माझी प्रवासाची पिशवी काढायला उठली.

चांद्यात मी चार वर्षं एका हापिसात कारकुनी केली. बदली होऊन सिंदेवाहीला आलो त्याला दीड वर्ष झालं. परकोटाच्या डागडुजीचे कागद त्याच हापिसातून जायचे, तेव्हा गोंड राजांनी शहराभोवती बांधलेली ती भिंत मला पायांनीही ठाऊक आहे आणि कागदावरूनही. वाटेत एका बाजूला शहर, दुसऱ्या बाजूला नदी, आणि आपण दोघांच्या वर, भिंतीच्या माथ्यावरून चालतोय, अशी वाट पुण्याच्या माणसानं पाहिलेली नाही याची मला खात्री होती. "उद्या दुपारच्या गाडीनं निघू," मी म्हणालो. "शनिवारी सकाळी तुम्हाला परकोटावरून अख्खं चांदा फिरवून आणतो. मग बोला."

आमची गाडी म्हणजे छोटी लाइन, अरुंद रुळांची. सिंदेवाहीहून राजोली, मूल, केळझर करत ती चांदा फोर्टला पोचते, आणि केळझरच्या जंगलात इतकी हळू चालते की गोपाळरावांनी एकदा उतरून सोबत चालण्याची परवानगी मागितली. मी दिली नाही. जाणाऱ्यांनी घरून जेवण बांधून घ्यावं, कारण स्टेशनांवर चण्या-मुरमुऱ्याशिवाय काही मिळेल याची खात्री नसते. आमच्याजवळ पोळ्या, वांग्याची सुकी भाजी आणि जवसाची चटणी होती. चटणी खाऊन गोपाळराव थोडे मवाळ झाले. मी झालो नाही.

मुक्काम जटपुरा दरवाज्याजवळच्या एका खाणावळीच्या वरच्या खोलीत केला. अशा खोलीत खाट मिळते, अंथरूण आपलं आणावं. चालायला पौष-माघच बरे. वैशाखात चांद्याच्या परकोटावर जाण्याचा विचार करणाऱ्यानं आधी घरच्यांची संमती घ्यावी.

शनिवारी उजाडताच आम्ही निघालो. दरवाज्याजवळच्या हाटेलात चहा आणि गरम भजे. चहाचा एक आणा सांगितला. मी नुकतेच सुरू झालेले सहा नवे पैसे दिले, तर हाटेलवाल्यानं ते उलटेपालटे करून पाहिले आणि गल्ल्यात न टाकता वेगळ्या वाटीत ठेवले, मलाच खोटी नाणी दिल्यासारखं वाटलं. मग जटपुरा दरवाजा. त्याच्या माथ्यावर गोंड राजांचं चिन्ह कोरलेलं आहे, सिंह मोठा आणि त्याच्या पंज्याखाली हत्ती एवढासा. गोपाळराव म्हणाले, "प्रमाण चुकलंय." मी म्हणालो, "ज्याचं राज्य होतं त्याला प्रमाण ठरवायचा अधिकार होता."

दरवाज्याच्या बाजूच्या पायऱ्यांनी वर चढून आम्ही पूर्वेकडे वळलो. वर दोन माणसं जोडीनं चालतील एवढी रुंद वाट आहे. डाव्या हाताला कमरेच्या वर येणारी दगडी कड, तिच्यात बंदुका रोखायच्या जंग्या. उजव्या हाताला कौलं, परसातल्या विहिरी, वाळत घातलेली लुगडी, आणि प्रत्येक चुलीचा वेगळा धूर. जोडे मात्र जाड तळाचे घाला. बोरीचे काटे इथे कोणाची ओळख विचारत नाहीत.

इथपर्यंत मी खुशीत असायला हवा होतो. पण वर चढलो आणि पहिल्याच बुरुजाजवळ माझं डोकं फिरलं. दीड वर्षापूर्वी जिथे अखंड कड होती तिथे खिंडार होतं. दगड पडलेले नव्हते, काढून नेलेले होते. चांद्यात कोणाला न्हाणीघरात फरशी हवी असली, गोठ्यापुढे पायरी हवी असली, की त्याला परकोट आठवतो. माझ्या ओळखीच्या तीन घरांत लोक राजाच्या दगडावर बसून आंघोळ करतात आणि वर म्हणतात, परकोट बघा कसा पडत चालला, सरकार काही करत नाही. पुढे एका ठिकाणी वाटेवर कोणी तरी शेण थापून ठेवलं होतं, आणि त्यापुढे जे होतं त्याबद्दल लिहिण्यासारखं नाही, फक्त खाली बघून चाला. हे सगळं पुण्याच्या माणसासमोर. मला गावकऱ्यांचा राग आला, आणि गोपाळराव नाकाला रुमाल लावून चालत होते याचा त्याहून जास्त आला.

रामाळा तलावानं लाज राखली. पाण्यावर धुकं होतं, त्यात एक धिवर, म्हणजे आमच्याकडचा कोळी, डोंगा घेऊन शिंगाड्याच्या वेलांमधून फिरत होता, आणि कडेला पांढरे बगळे ओळीनं उभे होते. गोपाळराव चक्क पाच मिनिटं गप्प उभे राहिले. मी घड्याळात पाहिलं म्हणून सांगतो.

तिथून पुढे ते विचारू लागले, "तुम्ही म्हणाला होतात चार दरवाजे आणि पाच खिडक्या. खिडक्या अजून दिसल्या नाहीत."

"ही काय, आत्ता एक गेली. बगड खिडकी. बैलाला पाणी पाजायला माणूस तिच्यातूनच बाहेर गेला."

"ते तर दार होतं."

"चांद्यात त्याला खिडकी म्हणतात," मी म्हणालो. मोठा तो दरवाजा, जिथून हत्ती जाईल. लहान ती खिडकी, जिथून माणूस जाईल. यात न समजण्यासारखं काय आहे, असं मला वाटलं. पुण्याच्या लोकांना प्रत्येक शब्द त्यांच्या पेठेतलाच लागतो, असंही मी बोललो. ते हसले आणि विषय सोडला. तो त्यांनी तेव्हा सोडायला नको होता.

अंचलेश्वर दरवाज्याजवळ खाली झरपट नदी दिसते, आणि पलीकडे महाकालीचं देऊळ. इथे उतरून पाणी प्यावं, पुढे बराच वेळ मिळत नाही. दक्षिणेच्या टोकाला पठाणपुरा दरवाजा. त्याच्या बाहेर इरई आणि झरपट एकमेकींना भेटतात. भिंत दोन ठिकाणी पडलेली असल्यानं उतरून पुन्हा चढावं लागतं, आणि ती चढण टेकडीहून कमी नाही, हे गोपाळरावांनी स्वतः कबूल केलं. त्यांना धाप लागली होती. मला आत कुठे तरी बरं वाटू लागलं. पठाणपुऱ्याहून वर वळलं की पश्चिमेची बाजू, इरईच्या अंगाची, माझ्या आवडीची. चार वर्षं रोज संध्याकाळी मी इथे येऊन बसत होतो. याच बाजूला ठेंगणी खिडकी, आणि बरंच पुढे चौथा, बिनबा दरवाजा.

कागदावर तिचं नाव वेगळं आहे, पण नदीकाठचे धिवर तिला ठेंगणीच म्हणतात. माणसाच्या छातीएवढी तिची उंची. वाकून जावं लागतं, आणि डोक्यावर टोपलं असेल तर जाताच येत नाही. म्हणून तिथली एक रीत आहे. टोपलं घेऊन आलेली बाई ते खिडकीत ठेवते आणि हाक देते, "हात द्या वं." आतून जो कोणी जात असेल, तो कितीही घाईत असो, थांबतो, टोपलं आत ओढून घेतो, बाई वाकून आत आली की दोघं मिळून ते तिच्या डोक्यावर चढवतात. नाव-गाव, जात-पात कोणी विचारत नाही. सकाळी हापिसाला जाताना मी स्वतः इस्त्रीचा सदरा घालून अशी शंभर टोपली ओढली असतील. गोपाळरावांना हे दाखवायचं म्हणूनच मी त्यांना त्या बाजूनं, बाजाराच्या वेळेला आणलं होतं.

वरून डोकावलो तर खिडकीत विटा.

राजय्या मिस्त्री, मूळचा सिरोंचाकडचा, विटा तेलुगूत मोजत रचत होता. भिंत त्याच्या मांडीच्या वर आली होती. बाहेरच्या अंगाला सात-आठ बाया टोपली घेऊन उभ्या होत्या. दोघी तरुण होत्या, त्या लुगडं खोचून विटांवरून चढून आत येत होत्या. मागे दोन टोपली पुढ्यात ठेवून एका दगडावर गुडघा धरून बसल्या होत्या सोनाबाई. चार वर्षं मी त्यांच्याकडूनच मासे घेतले. साठीच्या पुढच्या, तोंडाच्या फटकळ, वजनाच्या चोख.

आम्ही धावतच खाली उतरलो. "काऊन बाई," मी विटांवरून विचारलं, "हे काय चाललंय?"

"मले काय इचारते भाऊ, त्याले इचार. दार बुजवून राह्यला." त्यांनी मिस्त्रीकडे मान उडवली. "आता बिनब्याकून वळसा मारा लागते. हा गुडघा पाह्य माहा. थो वळसा मारून बजारात पोचो तवरी जागा जाते. जागा गेली का मंग दिवसभर उनात बसा. मासोरी का उनात टिकते?"

बाजारात धिवरांच्या ओळीला पहिली सावलीची जागा पहिल्या येणाराची. सोनाबाईंनी ती जागा बारा वर्षं टिकवली होती, रोज सगळ्यांआधी या खिडकीतून आत येऊन.

"मिस्त्री, कोणी सांगितलं हे?" मी म्हणालो.

"वरून हुकूम आला साब. पुन्याच्या सायबाचा. आज कमरेवरी होते, मंग चुना सरते. बाकी सोमवारी. याच्या मंग बाकीच्या चार."

पुणं म्हटल्याबरोबर माझ्या तोंडाचा बांध फुटला. राज्य बदललं, आमचे कागद नागपूरऐवजी तुमच्याकडे जायला लागले, आणि ज्या साहेबानं चांदा नकाशातसुद्धा नीट पाहिलं नसेल तो आमच्या बायांचे रस्ते बुजवतो, हे सगळं मी गोपाळरावांना सुनावलं, जणू त्यांनीच सही केली होती. टोपलीवाल्या बाया ऐकत होत्या, त्यामुळे मला जोर चढला. "बाई, तुम्ही थांबा," मी सोनाबाईंना म्हणालो. "हापिस एक वाजेपर्यंत उघडं आहे. मी कागद घेऊन येतो. आजच्या आज दार मोकळं करतो."

त्यांनी मासळीचं टोपलं एका तरुण बाईबरोबर विटांवरून पुढे पाठवलं आणि शिंगाड्यांचं टोपलं जवळ ठेवून, माझ्या शब्दावर, त्या दगडावर बसून राहिल्या.

गोपाळराव एवढा वेळ मिस्त्रीनं खिशातून काढून दिलेला कागद वाचत होते. हुकूम इंग्रजीत होता. ते हळूच म्हणाले, "यात लिहिलंय, विंडो पाच, सर्व उघड्या, झडपा नाहीत, विटांनी बंद कराव्यात. साहेबाचं काय चुकलं? भिंतीला पाच विंडो उघड्या आहेत म्हटल्यावर मीसुद्धा बंदच करा म्हटलं असतं. ज्यानं यादी केली त्यानं दाराला विंडो लिहिलंय."

यादीचा कागद माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला, शाईसकट.

हापिसात मोठ्या बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी, फाईल काढून दिली. त्यांना वाटलं मी जुन्या आठवणी काढायला आलोय. यादी वरच होती. बदली व्हायच्या आधीचं माझं शेवटचं काम, त्यावर इथल्या साहेबांनी माझ्या अक्षराचं कौतुक केलं होतं. गेट्स, चार. विंडोज, पाच. शेऱ्याच्या रकान्यात, ओपन, नो शटर्स. टाक नवीन होता, अक्षर खरोखर सुरेख आलं होतं.

खिडकीला इंग्रजीत काय म्हणतात हे मला कोणाला विचारावंसंच वाटलं नव्हतं. शाळेतलं पोर सांगेल. मोठ्या बाबूंनी तो कागद तपासला होता, साहेबांनी सही केली होती, कोणालाही काही खटकलं नाही, कारण आम्ही सगळे चांद्याचे. विंडो वाचलं की आमच्या डोळ्यांपुढे बगड खिडकी येते, ठेंगणी येते, त्यातून जाणारी माणसं येतात. हे वाचून विटा फक्त बाहेरच्या माणसाला सुचणार, आणि कागद बाहेर गेला होता. सकाळपासून मी सगळ्या जगावर चिडत आलो होतो. आता ज्याच्यावर चिडायचं तो माणूस माझ्याच सदऱ्यात होता, आणि त्याला सुनावायला शब्दच येईनात.

"होते असं," मोठे बाबू म्हणाले. "शुद्धिपत्र पाठवून द्या. मी वर धाडतो. उत्तर यायले चार-सहा महिने लागतीन."

"तोवर मिस्त्री पाचही बुजवेल. आत्ता काही तरी द्या."

"तुम्हीच लिहा. अक्षर चांगलं आहे तुमचं. मी सही करतो."

एक वाजायला दहा मिनिटं होती. मी उभ्या उभ्या टाक घेतला आणि चार वर्षांच्या सवयीनं हात आपोआप चालला. पुढील हुकूम होईपर्यंत सदर काम आहे त्या स्थितीत थांबवावे. सही झाली, शिक्का झाला. मी तो कागद वाळू न देताच पळालो.

राजय्या मिस्त्रीनं भिंत कमरेपर्यंत आणून ठेवली होती. त्यानं कागद एका शिकलेल्या वाटसरूकडून वाचून घेतला, दोनदा. मग थापी धुतली आणि अवजारं गोणत्यात भरू लागला.

"आणि या विटा?" मी म्हणालो. "त्या काढ ना."

"थांबवा लिवलं हाये साब. काढा नाई लिवलं. आहे त्या स्थितीत." त्यानं तो शब्द अगदी जपून उच्चारला. "मी एक वीट काढली तं माही मजुरी गेली."

मी त्याच्यावर ओरडलो. ओरडताना कळत होतं की तो बरोबर आहे आणि कागद पुन्हा माझाच आहे. एकाच हातानं दोनदा लिहून एका दाराचा जीव घेतला.

सोनाबाई उठून विटांपाशी आल्या. अडीच तास त्या तिथे बसल्या होत्या. "झालं का भाऊ?"

खोटं बोलण्याची संधी होती. गोपाळराव पुण्याचे होते, साहेब पुण्याचा होता. "बाई," मी म्हणालो, "ही यादी मीच लिहिली होती. खिडकी म्हणून जे इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ तिकडे घराची खिडकी असा झाला. साहेबाची चूक नाही, माझी आहे. आणि हा आजचा कागदही मीच लिहिला."

त्यांनी विटांवर हात टेकला. "तू रोज इथून जात होता."

"हो."

"माहं टोपलं ओढत होता."

"हो."

"मंग तुले मालूम नव्हतं का हे दार होय म्हनून?"

त्यांनी डोक्यावरची चुंबळ काढली आणि विटांवरून माझ्यापुढे धरली. "ये भाईर. घे टोपलं. चाल."

मी विटांवरून पलीकडे उतरलो. शिंगाड्याचं टोपलं ओलं असतं, आणि ओले शिंगाडे दिसतात त्याच्या दुप्पट वजनाचे असतात. त्यांनी ते माझ्या डोक्यावर चढवलं आणि पुढे निघाल्या, एक हात गुडघ्यावर ठेवून. ठेंगणीपासून बिनबा दरवाज्यापर्यंतची ही पायवाट परकोटाच्या बाहेरून, पायथ्याशी जाते. वरून मी ती हजारदा पाहिली होती आणि गोपाळरावांना दाखवताना रम्य म्हणणार होतो. खालून ती काटे, चिखल आणि दगड अशी आहे. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं. निम्म्या वाटेत मान वळेना तेव्हा मागून गोपाळराव आले, टोपलं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि माझ्यापेक्षा बरे चालले. टेकड्यांचा उपयोग होतो म्हणायचा. मला त्याचाही राग आला, पण आता त्यात दम नव्हता.

बिनबा दरवाज्यातून आत शिरून बाजारात पोचलो तेव्हा तरुण बाईनं आणलेलं मासळीचं टोपलं ओळीच्या शेवटी उन्हात होतं. सोनाबाईंच्या जागेवर कांदेवाला बसला होता. त्या मासळीवर ओलं गोणपाट टाकून उन्हात बसल्या. आम्ही टोपलं उतरवून उभे राहिलो. निघताना त्यांनी मला हाक मारली. "भाऊ, लिवाच्या आंदी एकडाव येऊन पाहून जात जा."

रविवारी छोट्या लाइननं परत आलो. केळझरच्या जंगलात गोपाळराव म्हणाले, "वाट मात्र उत्तम आहे हो तुमची. मी पुण्यात सांगेन." मी मान हलवली. ज्यासाठी निघालो होतो ते मी जिंकलो होतो आणि त्याची मला काडीची किंमत वाटत नव्हती. घरी बायकोनं सदऱ्याचा वास घेऊन विचारलं, "माशांत लोळलात का?" सगळं ऐकून ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी रागवायच्या आधी वाचत जा." सोमवारी मी शुद्धिपत्र लिहिलं. त्यात खिडकी म्हणजे दार, लहान दार, माणसांचं जाण्यायेण्याचं दार, असं तीनदा लिहिलं, मराठीत आणि इंग्रजीत.

माघात पुन्हा चांद्याला जाऊन आलो. उत्तर आलेलं नव्हतं, अजूनही नाही. बाकीच्या चार खिडक्या शाबूत आहेत, तेवढं त्या कागदानं केलं. ठेंगणी आहे त्या स्थितीत आहे. कमरेपर्यंत विटा, वर हातभर मोकळं. तिच्यातून पोरं चढतात, पण साठीची बाई जाऊ शकत नाही. मी यादीत लिहिलं होतं तशी ती आता खरोखरच विंडो झाली आहे.

बायांनी मात्र आपली रीत मोडली नाही. सकाळी सोनाबाई टोपलं विटांवर ठेवतात, हाक देतात, आणि स्वतः बिनब्याकडे वळसा घालायला निघतात. आतून जाणारा कोणीही ते उचलतो आणि बाजारात नेतो. त्या पोचतात तेव्हा पहिल्या जागेवर त्यांचं टोपलं असतं, आणि कांदेवाला पलीकडे सरकलेला असतो. हे पाहून मला बरं वाटायला हवं होतं. मला संताप आला. लोक आपसांत असं निभावून नेतात, म्हणून हापिसातली माणसं निवांत झोपतात, आणि त्यांतला एक मी आहे.

तरीही तुम्ही चांद्याला जा आणि परकोट चाला. जाड जोडे घाला, पाणी सोबत ठेवा, पठाणपुऱ्याच्या पुढच्या चढणीवर जपून. सकाळच्या वेळी ठेंगण्या खिडकीपाशी पोचाल असं बघा, आणि खाली उतरा. विटांवर टोपलं दिसलं तर उचला. ओलं असेल, सदरा खराब होईल. कोणाचं आहे ते विचारू नका. धिवरांच्या ओळीत पहिल्या जागेवर, सावलीत नेऊन ठेवा. बाई मागून वळसा घालून येत असतात.